तिसऱ्या बाकामागची एकोणीस मिनिटं

शनिवार, १३ जानेवारी १९६२. सकाळी अकरा वाजता अमरावतीतल्या मुलींच्या एका अध्यापन विद्यालयात शेषराव गवईने स्टॉपवॉचची कळ दाबली आणि चाळीस मुली बुद्धिमापन चाचणी सोडवू लागल्या. अकरा वाजून पाच मिनिटांनी तिसऱ्या बाकावरच्या मुलीने पेन्सिल दातांत धरून वर पाहिलं. घोटाळा तिथून सुरू झाला.

शेषराव अकोल्याचा. एम.एड.च्या प्रबंधासाठी ही चाचणी त्याने स्वतः तयार केली होती. ती भरवशाची ठरवायची तर पंधरा दिवसांनी त्याच मुलींना पुन्हा द्यायची आणि दोन्ही वेळचे गुण ताडून पाहायचे. गुण तंतोतंत जुळले तर आकडा एक. ०.८० च्या खाली आला तर प्रबंध दाखवायलाही आणू नका, असं मार्गदर्शक भगवंतरावांनी बजावलं होतं. मुदत दहा एप्रिलची. ती चुकली की वर्ष गेलं, आणि कबूल झालेली व्याख्यात्याची नोकरीही.

२७ जानेवारीला दुसरी फेरी झाली. या वेळी मुख्याध्यापिका सत्यभामाबाई समोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. आकडा आला ०.४६.

शेषरावने तीनदा गणित केलं, आकडा हलेना. मागच्या रांगांतल्या अठराजणींची बुद्धी पंधरा दिवसांत सपाटून उतरली होती. उलट तिसऱ्या बाकावरची मैना तायडे एकोणतीसवरून छप्पन्नवर गेली होती.

१० फेब्रुवारीला त्याने अमरावतीची मोटार धरली. विद्यालयाच्या पायरीवर मैना आणि तिची मैत्रीण आमिना वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या.

“मिस तायडे, पहिल्या दिवशी आपली प्रकृती बरी नव्हती का?”

“ठणठणीत होती.”

“मग एकोणतीसच गुण कसे?”

“मले काहून विचारून राहिले, सर? तुमाले मालूम नाही?”

“नाही.”

“खरंच नाही?” मैनाने आमिनाकडे पाहिलं. आमिनाने हसू ओढणीत दाबलं. “बरं, चाचणी चालू असताना परीक्षकानं काय करावं, सर?”

“फिरत राहावं. एका जागी थांबू नये.”

“आन् तुमी माझ्या बाकामागं किती वेळ थांबले?”

“एक... फार तर दोन मिनिटं.”

“एकोणीस जी,” आमिना म्हणाली. “भिंतीवरच्या घड्याळात मोजले मी.”

“मागून कोणी असं उभं असलं तर आकृत्या दिसतात का मानसाले?” मैना म्हणाली. “एक प्रश्न चारदा वाचला मी!”

“आणि मागच्या रांगा?” शेषरावचा आवाज बारीक झाला.

“आमी आरामात लिहिलं,” आमिना म्हणाली. “एकमेकींचं पाहून. तुमची पाठ होती ना आमच्याकडं.”

शेषराव पायरीवरच बसला. चाचणी धड होती. चूक मोजणाऱ्याची होती.

“तुमचा पेपर वगळतो,” तो घाईने म्हणाला. “आजारी होत्या असं लिहितो.”

“मी? बीमार?” शेंग टोपलीत आपटली. “आन् त्या अठराजणी? त्यायलेही ताप चढवा! उद्या आमी मास्तरणी होऊन पोरायचे गुण असेच फिरवायचे का?”

“मग खरं कारण लिहावं लागेल.”

“लिहा ना. काहून थांबले होते?”

शेषरावने सत्यभामाबाईंच्या खिडकीकडे पाहिलं. आमिनाकडे पाहिलं. मग पाहायला दुसरं काही उरलं नाही.

“कारण तुम्ही पेन्सिल चावता तेव्हा... म्हणजे... मले दुसरीकडं पाहताच नाही आलं.” प्रबंधाची भाषा त्याला ऐनवेळी सोडून गेली. “आवडता तुमी मले.”

मैना लाल झाली. पण गडबडली नाही.

“एका मापावर भरवसा ठेवू नये, असं चाचणीआधी तुमीच सांगितलं होतं वर्गात. पंधरा दिवसांनी या. हीच पायरी, हीच आमिना.”

२४ फेब्रुवारीला तो आला आणि उभ्या उभ्या तेच बोलला. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

“पाठ करून आले का?” मैनाने विचारलं.

“हाव... मोटारीत घोकलं.”

“मग हे माप बाद. घोकलेलं उत्तर धरत नसतात.” ती हसली. “दुसरं विचारते. प्रबंधात काय लिहिलं?”

त्याने खिशातून कागदाची नक्कल काढून वाचली. “पहिल्या फेरीत परीक्षक एकोणीस मिनिटे तिसऱ्या बाकामागे थांबला. गुणांतील तफावतीस तोच जबाबदार आहे.”

“धाडलं?”

“कालच. भगवंतरावांकडं.”

“आन् वर्ष?”

“जाईल बहुतेक.”

आमिना टोपली घेऊन आत निघून गेली. तिला कोणी जा म्हटलं नव्हतं. मैना पदराच्या टोकाला गाठ मारत हळूच म्हणाली, “हे नाही घोकलेलं.”

भगवंतरावांचं पत्र १२ मार्चला आलं. मुदत वाढणार नाही, दोन्ही फेऱ्या समांतर, म्हणजे त्याच तोडीच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेने नव्याने घ्या, परीक्षक सत्यभामाबाई, आपण दाराबाहेर थांबावे. पहिली फेरी १७ मार्चला पार पडली. दुसरी शनिवारी, ३१ मार्चला.

आत जाताना मैना उंबऱ्यावर थांबली.

“तुमी अजून एक प्रश्न विचारलाच नाही मले.”

“कोणता?”

“तो मीच सांगायचा का? बाहेर आली की विचारा. आन् घोकू नका!”

दार लागलं.

अकरा वाजून चाळीस मिनिटांपर्यंतची माहिती अशी : आकडा यायचा आहे, दार बंद आहे, आणि शेषराव व्हरांड्यात फेऱ्या मारतो आहे. एका जागी थांबायची त्याला भीती वाटते.