बारा थेंब

कळमनुरीच्या बाजारात शकीलचाचाचं दुकान म्हणजे काय, तर एक लाकडी फळी, वर तट्ट्याचं छप्पर आणि काचेच्या झाकणाची एक पेटी. घड्याळं, कुलपं, चष्मे आणि पेनं तो दुरुस्त करी. माणूस पक्का तर्काचा. वस्तू बिघडते ती कारणानं, आणि कारण नेहमी वस्तूच्या आतच सापडतं, हे त्याचं ठाम म्हणणं. कुणी पिंपळावरच्या मुंज्याची गोष्ट काढली, की चाचा विचारी, "कोणता स्क्रू ढिला झालाय त्याचा?" लोक हसत. चाचा मात्र गंभीरपणे उत्तराची वाट पाहत बसे.

एकोणीसशे शेहेचाळीसची दिवाळी होऊन गेली होती. बाजाराच्या दिवशी एक तिशीतली बाई फळीसमोर येऊन उभी राहिली आणि तिनं कंबरेच्या पिशवीतून एक पेन काढलं. बोटभर लांबीचं, काळं, बाजूला पितळी कळ असलेलं.

"हे नीट करून द्या, चाचा."

"कुणाचं?"

"मास्तरांचं."

नवऱ्याचं नाव ती कसं घेणार? शेजारी भाजी विकणाऱ्या भिकाबाईनंच सांगून टाकलं. ही शालूबाई, संतराम मास्तराची बायको. मास्तर बारा वर्षांमागं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात नोकरी बघायला निघाला, तो निघालाच. ना पत्र, ना निरोप.

"जाताना हे बिघडलेलं होतं," शालूबाई म्हणाली. "दुरुस्त करून ठेव, मला लागंल, म्हणले होते. म्या ठेवलं तसंच. आता माघात बारा वर्षं भरतात. दीर म्हणतात, ते गेले असं धरून पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा. म्हंजे झालं, पुसलं माझं कुंकू. त्याच्या आधी त्यांचं एवढं सांगणं तरी पुरं करते."

चाचानं पेन दिव्यावर हलकी ऊब देऊन उघडलं. आतली रबरी पिशवी पापडासारखी कडक झालेली. चिमट्यानं तुकडे तुकडे काढावे लागले. त्यानं सायकलच्या रबरी नळीचा तुकडा मापानं कापला, लाखेनं चिकटवला, रबर चिकटू नये म्हणून वरून शंखजिऱ्याची पूड लावली आणि पेन पुन्हा बसवलं. निब दौतीत बुडवून कळ उचलली, सोडली, दहा आकडे मोजले. मग पांढऱ्या चिनी कपावर धरून कळ पुन्हा उचलली. थेंब मोजायची त्याची जुनी सवय. बरोबर बारा पडले. त्यानं पेन परत भरलं आणि तिच्या हातात ठेवलं.

पुढच्या बाजाराला ती परत आली. पेन कोरडं.

"गळून राहिलं असंल," चाचा म्हणाला. पण टोपण आतून कोरडं होतं, आणि गुंडाळलेल्या धडप्यावर डाग म्हणून नव्हता.

"घरात लिहितं कोण?"

"कुणालाच येत न्हाई लिहायला. दीर अंगठा लावतात."

चाचाला राग आला. पेनचा नव्हे, आपल्या हाताचा. चाळीस वर्षांत असं काम परत आलं नव्हतं. "इथंच ठेव हे," तो म्हणाला. "पेटीला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. बघतोच कुठून गळतंय ते."

त्यानं पेन पुन्हा भरून पेटीत ठेवलं. आठवड्यानं कपावर कळ उचलली. नऊ थेंब. परत भरलं. पुढच्या आठवड्यात सात.

निबेला भिंग लावल्यावर त्याला ते दिसलं. निबेच्या मधल्या चिरेत एक बारीक, पिवळट धागा अडकला होता. खरबरीत कागदावर लिहिलं की निबेत असा धागा अडकतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पेटीत कागद नव्हता. किल्ली गळ्यातून निघाली नव्हती. चाचानं धागा चिमट्यानं काढला, फुंकून टाकला आणि बराच वेळ गळ्यातली किल्ली चाचपत बसला.

त्यानं हे सांगायला नको होतं. पण शालूबाई समोर उभी राहून विचारत होती, आणि चाचाला थापा मारता येत नसत.

"लिहून राहिलेत!" शालूबाई एवढ्या मोठ्यानं ओरडली की भिकाबाईच्या हातातली तागडी हलली. "चाचा, ते लिहून राहिलेत! पत्र येणार!"

"अगं, हळू. इतक्यात कुणाला बोलू नको."

ती कसली ऐकते! संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

चौथ्या दिवशी तिचा दीर उत्तमराव आला. चाचाला वाटलं होतं, भांडायला येईल. पण तो थकलेला, हळू बोलणारा माणूस निघाला. फळीच्या कडेवर टेकून बसला.

"मियाँ, मला काय हौस हाय का वहिनीचं कुंकू पुसायची? सख्खा भाऊ हाय माझा. पण मेलेल्या माणसाला मधीच लटकत ठेवू नये. त्याला पोचवावं लागतं. स्वप्नात येतो माझ्या. दारात उभा राहतो, आत येत न्हाई."

चाचानं हातातला चिमटा खाली ठेवला.

"माघातल्या अवसेला विधी ठरलाय. त्याच्या आधीच्या बाजाराला आमी दोघं येतो. शाई कमी झाली असंल तर पुतळा जाळत न्हाई. न्हाई झाली, तर वहिनीनं मुकाट्यानं ऐकायचं. तुमचा शब्द खोटा नसतो, समदा बाजार जाणतो."

त्या बाजाराच्या दिवशी सकाळी चाचानं घराच्या ओट्यावर बसून पेटी उघडली. पेन गार लागलं. उन्हं चांगली वर आली होती, पेटी तापली होती, आणि पेन गार.

त्यानं कपावर कळ उचलली. थेंब पडला. निळा नव्हता.

कळ सोडली, परत उचलली. बारा थेंब झाले. वीस झाले. तिसापर्यंत त्यानं मोजले, मग मोजणं सोडून दिलं. कप अर्धा भरला तेव्हा पेन थांबलं. पाणी गढूळ होतं. तळाशी बारीक रेती बसत चालली होती.

त्याची बायको मदीनाबी झाडू घेऊन आली आणि थबकली. "हे पैनगंगेच्या पुरासारखं पाणी कुठून आणलं जी? माघाच्या महिन्यात?"

चाचानं कप तिच्या नजरेआड सरकवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एखाद्या वस्तूच्या आत काय आहे ते बघायचं नव्हतं. त्यानं कप परसात ओतला, पेन धुतलं, शाई भरली आणि बाजारात जाऊन बसला.

दोघं आली. शालूबाई नवं लुगडं नेसून आली होती. कुंकू ठसठशीत लावलं होतं.

"सांगा, मियाँ," उत्तमराव म्हणाला.

चाचानं तिच्या कपाळाकडं पाहिलं. खरं सांगायला तोंड उघडायचीही गरज नव्हती, नुसती नकाराची मान हलवली असती तरी पुरे होतं.

"कमी झालीय," तो म्हणाला. "आठ थेंब निघाले."

उत्तमराव मटकन खाली बसला आणि लेकरासारखा रडला. "म्हंजे जिता हाय. जिता हाय भाऊ. पळसाची पानं आणून ठेवली होती, शेळ्यांना टाकतो." शालूबाईनं चाचाचे पाय धरले. भिकाबाईला गूळ दिला, पलीकडच्या तांबटाला दिला. चाचाच्या हातावरही खडा ठेवला. तो त्याच्यानं गिळवेना.

अवस आली आणि गेली. पुतळा जळला नाही.

पुढच्या बाजाराला शालूबाई भर दुपारी आली. फळीसमोर बसली, पाणी प्याली, म्हणाली, "उघडा की, चाचा. काहून थांबलात?"

चाचानं पेटी उघडली. कपावर कळ उचलली. निळे थेंब पडू लागले आणि त्याला हायसं वाटलं. झालं, सुटलो.

मग थेंब थांबले. त्यानं कळ पुन्हा उचलली, पेन झटकलं. आणखी एकही पडला नाही.

आठ होते.

"कमी झाली न्हवं?" ती हसून म्हणाली. "आता मोठं पत्र येतंय बघा. लई लिहून राहिलेत."

चाचानं निबेला भिंग लावलं. चिरेत धागा होता. त्यानं चिमट्यानं ओढून अंगठ्याच्या नखावर ठेवला.

धागा ओला होता.

त्यानं हात उन्हात धरला. शालूबाई बोलत होती, पत्र आलं की वाचून तुम्हीच दाखवा म्हणत होती. भिकाबाईनं भाजीवर शिंपडलेलं पाणी वाळलं, तिनं दुसऱ्यांदा शिंपडलं, तेही वाळलं. नखावरचा धागा ओलाच होता.