सतरा नंबरचा बिल्ला

ही गोष्ट मी फारशी कुणाला सांगत नाही, लोक हसतात. राजश्री, माझी बायको, आत चहा करतेय. ती आज धडधाकट आहे तीही त्याच घरामुळे, पण तो भाग शेवटी.

दीड वर्षापूर्वीच्या डिसेंबरात मी आमच्याच शहरातल्या कमानिया गेटमागच्या गल्लीत एका घराची मापं घ्यायला गेलो. घर बाबाराव डॉक्टरांचं. त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली. नागपूरला असलेल्या त्यांच्या नातीला, अवंतीला, तिथे वाचनालय काढायचं होतं, म्हणून नकाशा हवा होता. मी कारखान्यात छत्तीस वर्षं नकाशेच काढले. रिटायर होऊन घरात बायकोचं डोकं खात बसण्यापेक्षा हे काम बरं वाटलं.

खरं म्हणजे मी जायलाच नको होतं. दीड महिना झाला, जिना चढलो की छातीत कळ यायची आणि डाव्या हातात उतरायची. घरी बोललो नव्हतो. आमच्या एकुलत्या प्रणोतीचं लग्न फेब्रुवारीत होतं. ते पार पडू दे, मग बघू, असं ठरवलं होतं. बापांना असली अक्कल नेमकी लग्नाच्या तोंडावरच सुचते.

राखणदार नथ्थूने कुलूप काढून दिलं आणि तो बाहेर ओट्यावर विडी ओढत बसला. दुपारचे चार वाजले होते. बाहेरच्या खोलीत रोग्यांचं लांब बाकडं होतं आणि भिंतीवर खिळ्यांचा फळा. प्रत्येक खिळ्यावर नंबराचा पितळी बिल्ला, एक ते तीस. धूळ सगळीकडे होती, पण बिल्ले लखलखीत होते.

आता माझी चूक ऐका. कारखान्यात शिरताना फळ्यावरचा आपला बिल्ला काढून खिशात टाकायचा, ही माझी आयुष्यभराची सवय. टेप सोडवता सोडवता हात आपोआप वर गेला आणि हाताशी आलेला सतरा नंबर खिशात पडला. मला ते कळलंही नाही.

मापं लिहून संपली तेव्हा खोलीतला उजेड उतरला होता. बाहेरचं दार ओढलं, उघडेना. नथ्थूला हाक मारली. त्याचा आवाज अगदी दाराजवळून आला, शांत.

"साहब, बिल्ला उठाया क्या?"

खिशात हात घातला. बिल्ला बर्फासारखा गार होता.

"तो दिखाकर ही आइए," तो म्हणाला. "डॉक्टर साहब बिना देखे किसी को जाने नहीं देते थे."

आतल्या खोलीतून स्पिरिटचा वास यायला लागला होता, ताजा. मग खुर्ची सरकल्याचा आवाज... आणि एक खोकला.

"सोळा..."

माझ्यामागचं बाकडं करकरलं. कुणीतरी उठलं. चपला फरफटत आत गेल्या. मी भिंतीला चिकटून उभा राहिलो, किती वेळ ते सांगता येणार नाही.

"सतरा..."

पाय आपले आपण गेले. आत काहीच दिसत नव्हतं. स्टूल मात्र गुडघ्याला लागलं आणि मी बसलो. पाठीवर, शर्टाच्या आत, गार गोल चकती टेकली.

"कळ येऊन राहिली... किती दिवस झाले?"

"दीड महिना."

"घरी सांगितलं काहून नाही?"

"पोरीचं लग्न आहे, डॉक्टरसाहेब... ते होऊ दे."

चकती पाठीवरून निघाली.

"लग्नात पोरीला बाप लागते, की बापाचा फोटो? आजच जा. इथूनच जा."

मला रडू आलं. दीड महिन्यात पहिल्यांदाच कुणीतरी ते ओझं माझ्याकडून काढून घेतलं होतं. बाहेर आलो तर दार सताड उघडं होतं. नथ्थूनेच मला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, रात्र निघाली नसती.

फेब्रुवारीत मी प्रणोतीच्या पंगतीत जिलब्या वाढल्या. एक चोरून खाल्लीही.

मार्चमध्ये बिल्ला परत करायला गेलो. राजश्रीला त्या घराला नमस्कार करायचा होता, म्हणून ती सोबत आली. सतरा नंबर खिळ्यावर अडकवला आणि पाहतो तर शेजारचा खिळा रिकामा. राजश्रीची मूठ घट्ट मिटलेली होती.

"मी मुद्दाम घेतला," ती म्हणाली. "गाठ आहे... पौषापासून. तुमचं आजारपण, मग लग्न. सांगू कशी?"

आत खुर्ची सरकली.

"अठरा..."

तिने माझा हात धरला.

"जा," मी म्हटलं. "भिऊ नको. चकती तेवढी गार असते."

ती आत गेली. मी बाकड्यावर टेकलो. शेजारची जागा ऊबदार होती. मी जरा सरकून बसलो.