उभराटला नेलेला पडदा

ही घडलेली गोष्ट आहे. नवापूरच्या आशाने ती स्वतः सांगितली, आणि सांगून होईपर्यंत समोरच्या चहाला हात लावला नाही. नावं तेवढी बदलली आहेत.

गेल्या फेब्रुवारीतला रविवार. भर दुपार. अमावास्येची वाट बघत बसणारी भुतं वेगळी असतात.

आशाचा नवरा हेमराज एका पोल्ट्रीवर कामाला. राहणंही तिथेच, शेडच्या मागच्या खोलीत. त्या थंडीत कोंबड्यांमध्ये साथ आली. सगळ्या कोंबड्या, सगळी पिल्लं मारून मागच्या खड्ड्यात पुरावी लागली. वरून चुना. शेडमध्ये अंथरलेलं भाताचं तूस, ट्रे, जाळ्यांवरचे पडदे, सगळं त्याच खड्ड्यात टाकायचा हुकूम होता.

सहा वर्षांची यामिनी खोलीच्या दारातून बघत होती. माणसं हात धुवायला निघून गेली, तरी ती बघतच राहिली.

कारण चुना... हलत होता.

त्या दिवसापासून पोरीने अन्न टाकलं. घास तोंडाजवळ आला की तिला ओकारी यायची. "वास येस," एवढंच म्हणायची. दुधापाण्यावर पोर किती काळ तग धरणार? फ्रॉक अंगावर लोंबायला लागला. डॉक्टरांना काही सापडलं नाही, हवापालट करून बघा म्हणाले.

आशाच्या मनाने घेतलं, समुद्रावर जायचं. ती प्रकाशा गावची, तापीकाठी वाढलेली. समुद्र तिने कधी पाहिला नव्हता. पण खारा वारा हा वास धुऊन काढेल आणि पोर जेवेल, असं तिला वाटत होतं. तिला बाकी काही नको होतं.

मग कुठला समुद्र, यावर नवराबायकोचा खल झाला. तिथलचा किनारा लांब पडत होता. डुमसचा सोयीचा, पण हेमराज ऐकेना.

"डुमस नको. तठे भूतं शेतस म्हनतस."

शेवटी उभराट ठरलं. शेजाऱ्याची व्हॅन मिळाली. आशाने दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घेतली. वाळूवर बसायला म्हणून हेमराजने माळ्यावरून एक निळा पडदा काढला. शेडचा पडदा. हा खड्ड्यात टाकला नाही का, असं आशाने विचारलं.

"नवा शे. कसाले टाकाना? फिनाईलमा धोयेल शे."

आता अशा माणसाला काय म्हणावं? भूत नको म्हणून किनारा बदलला, आणि पडदा मात्र काखोटीला मारून निघाला.

उभराटला ओहोटी होती. पाणी पार लांब गेलेलं. सुरूच्या झाडांखाली हेमराजने पडदा अंथरला. गार वारा सुटला होता. आशाने डोळे मिटून छातीभर श्वास घेतला...

तोच वास.

ओलं तूस, चुना, आणि त्याच्याखालचं सडकं काहीतरी. तिने नाकाला पदर लावला. हेमराज म्हणाला, मासळीचा असेल.

मग तिच्या लक्षात आलं. तिने दशम्यांचं फडकं सोडलं होतं, तरी एक कावळा आला नव्हता. अख्ख्या किनाऱ्यावर पक्षीच नव्हता. व्हॅनपासून मागे लागलेलं कुत्रं पडद्याच्या काठाशी थांबलं, आणि शेपूट घालून परत फिरलं.

तिने पडद्यावर हात टेकला. सावलीतली वाळू गार लागायला हवी.

पडदा खालून... कोमट होता. अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घातल्यासारखा.

आणि हाताखाली काहीतरी दबलं, पुन्हा वर आलं.

एक नाही. पुष्कळ.

"आई," यामिनी शांतपणे म्हणाली, "खाले पिलं शेतस."

हेमराजचा चेहरा उतरला. तो उठला, आणि पडद्याचं टोक धरून त्याने ओढलं.

खाली नुसती वाळू. ओली, पांढरट. आणि तिच्यात... तूस. समुद्रकाठच्या वाळूत भाताचं तूस कुठून येणार?

पण आशाला तेव्हा ते सुचलंच नाही. कारण त्याच क्षणी पोर बोलली होती.

"आई, माले भूक लागनी."

आशाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने घाईघाईने दशमी मोडली, चटणी लावली, घास घेऊन वळली...

यामिनी दोन्ही हात पाठीशी धरून वाळूवर वाकली होती. तोंडाने टिपत होती.

टक्. टक्. टक्.

आशाने तिला मागे खेचलं. जबडा दाबून तोंडात बोट घातलं. चिकट वाळू निघाली. तूस निघालं. मग जिभेखालून एक पिवळं पीस निघालं, ओलं, लिबलिबीत. आणि पोरीच्या तोंडातून तो वास आला.

आशा तिथेच ओकली.

पडदा तसाच टाकून ते निघाले. मागे कोणी वळून पाहिलं नाही.

यामिनी आता जेवते. भात, भाकरी, द्याल ते. अंगाने भरली आहे. डॉक्टर खूश आहेत, समुद्राची हवा मानवली म्हणतात. हेमराजही तेच म्हणतो, "खाई ऱ्हायनी ना? मग व्हयनं."

पण तिला ताट जमिनीवर लागतं. हात पाठीमागे असतात. आधी मान वाकडी करून ती एका डोळ्याने घास बघते. मग वाकते.

आशा भाकरी बारीक कुस्करून ताट ठेवते आणि भिंतीकडे तोंड करून बसते, स्टीलवरचा तो आवाज थांबेपर्यंत. पोटच्या पोरीची किळस येते, असं ती सरळ बोलली. बोलली आणि रडली.

परवा जेवण झाल्यावर यामिनीने विचारलं, "आई, समुद्रवर परत कधी जासूत? बाकीना तठेच ऱ्हायनात."

आशाने ताट उचललं आणि तिचं तोंड पुसलं. पूर्वी ती पोरीचं तोंड आपल्या पदराने पुसायची. आता त्यासाठी खुंटीवर एक वेगळं फडकं आहे.