कोहलरांची रिंग

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्याच स्वयंपाकघरात घडलंय. मागच्या फेब्रुवारीत, भर दुपारी. ऑस्ट्रेलियातल्या मॅली भागात, आमच्या शेतावर.

पश्चिमेला वणवा पेटला होता.

आणि माझा नवरा लिंडसे तिकडेच मेंढ्या आणायला गेला होता!

मोबाईलला रेंज नाही. अग्निशमन दलाच्या वायरलेसवरच्या माणसाचं एकच पालुपद, "बाई, नकाशात तिकडे रस्ताच नाही." असा संताप आला म्हणून सांगू!

बाबा मात्र भिंतीवरच्या जुन्या नकाशासमोर ढिम्म. त्यात शाळा, टेनिस कोर्ट, घरांचे काळे ठिपके आणि घराघराला जोडणारी टेलिफोनची तार. आता तिथे नुसती गव्हाची धसकटं. माणसं गेली, घरं पाडली.

नकाशाशेजारी हँडल फिरवून रिंग द्यायचा जुना फोन. त्याची तार माझ्या लहानपणीच कापलीय.

तो वाजला...

एक लांब. दोन आखूड.

"आपली नाही," बाबा म्हणाले. "कोहलरांची रिंग आहे. राहू दे."

पूर्वी सगळ्या घरांना मिळून एकच तार होती. ज्याची त्याची रिंग वेगळी. दुसऱ्याची उचलायची नाही.

"बाबा, डोकं फिरलंय का तुमचं? त्याला तार तरी आहे का?"

"दुसऱ्यांचं ऐकू नये, नोले."

"वा! चोरून सगळ्यांचं ऐकायचात की! आई सांगायची."

पुन्हा वाजला. पुन्हा. बाबा हलेनात. मला रडूच फुटलं.

मग... एकच रिंग. लांबलचक. थांबेचना.

बाबा ताडकन उठले. ती आगीची रिंग. ती सगळ्यांनी उचलायची.

"बोल, एडना."

ऐकलं. फोन ठेवला. नकाशातल्या कोहलरांच्या ठिपक्यावर बोट टेकवलं.

"तिथे जमिनीखाली पाण्याची जुनी, कोरडी टाकी आहे. लिंडसे तिच्यात आहे. नकाशातल्या या तारेच्या कडेने जुनी वाट जाते. पळ!"

एडना कोहलरला वारून कित्येक वर्षं झाली होती.

मी गाडी दामटली. वाट खरंच होती. आग पुढे सरकल्यावर टाकीचं झाकण उचललं, तर आत लिंडसे. कुत्र्याला कवटाळून खोकत बसलेला.

"किती उशीर गं! वर कोणीतरी सारखं हँडल फिरवत होतं... कोण होतं?"

वर काळी पडलेली धसकटं होती. बाकी काही नाही.

तेव्हापासून फोन गप्प होता. काल संध्याकाळी वाजला...

दोन लांब. एक आखूड.

"ही आपली," बाबा म्हणाले आणि काठी शोधू लागले. "माझ्यासाठीच असेल."

मी त्यांना दाबून खुर्चीत बसवलं. ओरडले, रडले.

"आपली रिंग वाजत ठेवू नये गं, नोले. बरं दिसत नाही."

आत्ता हे लिहितेय, तर पुन्हा वाजतोय.

आणि आतून बाबांच्या काठीचा आवाज येतोय...