खालचं ऊन

बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या माथ्यावर सौर पॅनेलं बसली, तेव्हा मामांना फार गंमत वाटली. "कोळशानं जन्मभर तोंड काळं केलं, आता म्हातारपणी ऊन ते उजळ करणार," असं ते येईल त्याला ऐकवत. तरुणपणी ते खाली कोळसा फोडायचे. आता तिथलंच फाटक सांभाळत होते. पॅनेलांची इंजिनीअर त्यांची सख्खी भाची. ती पाळण्यात असताना बोगदा ढासळला. तिचे वडील आणि त्यांचे सोबती वर आलेच नाहीत. खाणीचं तोंड मग काँक्रीटनं बुजवून टाकलं.

त्या दिवशी आभाळ इतकं दाटलं होतं की भर दुपारी केबिनमध्ये दिवा लावावा लागला. आज वीज जेमतेमच, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. पण कडेच्या एका रांगेचा आकडा लख्ख उन्हातल्यासारखा चढत गेला. मीटर बिघडला असेल म्हणून ती बघायला गेली.

ही पॅनेलं मोटारीवर दिवसभर सूर्यामागे फिरत. ती रांग मात्र मातीकडे तोंड करून उभी होती. इतकी खाली ती वळूच शकत नव्हती. मध्ये लोखंडी आडकाठी होती. आडकाठी जागच्या जागी, सरळ.

तिनं वाकून पॅनेलाखाली हात धरला. तळहाताला ऊन लागलं. कोवळं, थंडीतल्या सकाळचं. खाली नुसती काळपट माती.

तिनं मोटारींचा वीजपुरवठा तोडला. तरी शेजारची रांग हळूच खाली वळली. मग तिच्या पलीकडची.

मामा फाटक सोडून येऊन उभे राहिले होते.

"मोठा बोगदा याच रांगांखालून जातो," ते म्हणाले.

"खाली कोळसा पेटला असेल, मामा. वर्षानुवर्षं धुमसतो तो."

"आग अशी चालत नाही, पोरी." त्यांची नजर रांगांवरून हटत नव्हती. "कपाळावर दिवा असला की माणूस असा चालतो. दमानं."

तिला त्यांना वेड्यात काढायचं होतं. पण तेवढ्यात पुढची रांग वळली. मग तिच्या पुढची. उजेड खाणीच्या बुजवलेल्या तोंडाकडे निघाला होता, आणि तिथं वाट नव्हती.

ती गुडघ्यांवर बसली, मातीला हात टेकले.

"बाबा," ती म्हणाली. हा शब्द तिनं आजवर कुणाला हाक म्हणून वापरला नव्हता.

रांगा थांबल्या.

बराच वेळ काहीच हललं नाही. मग केबिनजवळचं एकच पॅनेल कुरकुरलं आणि खाली झुकलं.

ती उठून केबिनकडे गेली. मामा दारापर्यंत आले. पुढे त्यांचं पाऊल उचलेना.

आतला दिवा गेला होता. संगणकाचा पडदाही काळा. तरी खोलीत अंधार नव्हता. पायांखालची फरशी उबदार लागत होती.

तिनं वर पाहिलं. छतावर टेबलाची सावली पडली होती, खुर्चीची पडली होती, तिची स्वतःची पडली होती.

तिच्या शेजारी आणखी एक सावली होती. ती सावली सावकाश डोक्यावरचं हेल्मेट काढत होती.