बाटलीची मागची बाजू

बुआरिनने बाटलीचं बूच काढलं आणि सगळा फिश सॉस मोरीत ओतून दिला... आईच्या देखत, थोरल्या बहिणीच्या देखत, ऐन सोंगक्रानच्या, नव्या वर्षाच्या सणाच्या जेवणावर!

"अगं, काय केलंस हे!" पेन्सी ताडकन उठली. "बँकॉकहून मुद्दाम आईसाठी आणली होती मी! डोळे फुटले का तुझे? केवढ्या अक्षरांत लिहिलंय, सोडियम चाळीस टक्के कमी!"

"बघ, पेन्सी, बघ!" म्हाताऱ्या थोंगसाईला रडू आवरेना. "दोन वर्षं ही मला पालापाचोळा खाऊ घालतेय. माझे आंबवलेल्या मासळीचे रांजण विकून टाकले... अख्खं गाव नाव काढायचं त्या रांजणांचं! घर धाकटीलाच जायचं ना आपल्यात, म्हणून माझ्या मरणाची वाट बघतेय मेली!"

दोन वर्षं बुआरिनने शेवयांच्या पाकिटापासून मसाल्याच्या वडीपर्यंत प्रत्येक वेष्टनाच्या मागचे आकडे वाचले होते, आकडा अख्ख्या पाकिटाचा की अर्ध्याच वाढणीचा हे दुकानदाराशी हुज्जत घालून विचारलं होतं, आणि वासाने आई कासावीस होईल म्हणून स्वतःच्या ताटातही त्या मासळीचा कण घेतला नव्हता... पण आज ती मान खाली घालणार नव्हती!

तिने रिकामी बाटली बहिणीपुढे धरली. "पुढची बाजू वाचलीस ना, ताई? आता मागची वाच. मोठ्याने."

"सोडियम, एका चमच्याला..."

"त्याच्या खाली."

"घटक... मासे, मीठ, साखर, पोटॅशियम क्लोराइड..." पेन्सी अडखळली. "हे काय असतं?"

"मीठ कमी केलं, त्याच्या जागी हे घातलंय. धडधाकट माणसाला चालतं. आईच्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही. अंगात साठलं तर हृदय थांबेल, असं डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलंय."

पेन्सीने रिकामी बाटली बाजूला सारली. "मी तीन बाटल्या आणल्यात गं..."

"माहीत आहे. दोन सकाळीच ओतल्या, ही तिसरी तू थेट जेवणावर आणलीस."

थोंगसाईने धाकटीकडे पाहिलं. "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"कोणत्या तोंडाने बोलू? ताई इतक्या दिवसांनी घरी आली, तिने हौसेने आणलेल्या बाटलीत तुझा घात आहे, हे सणाच्या दिवशी सांगू? त्यापेक्षा मीच वाईट झालेली बरी!" बुआरिनचे डोळे वाहत होते, पण आवाज ढळला नाही. "मला कैदाशीण म्हण, घराची हावरी म्हण... उद्या कुणी आणली तर तीही ओतीन! हव्या तेवढ्या शिव्या दे, आई... पण त्या द्यायला जिवंत राहा!"

थोंगसाईने धाकटीचा हात धरून तिला आपल्या शेजारी चटईवर ओढलं, आपल्याच खांद्यावरच्या पंचाने तिचं तोंड खसाखसा पुसलं.

"शिव्या उद्या सकाळपासून देते," ती हुंदका गिळत म्हणाली. "आज वाढ, काय केलंयस ते."