तुलनेचा नमुना

डॉ. मृण्मयी सबनीस यांनी घड्याळाकडे पाहिलं तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. बरोबर बाराला महिला धावपटूंच्या संघाची यादी जायची होती, आणि तीत जयवंती गावितचं नाव राहणार की नाही हे या प्रयोगशाळेतल्या एका कागदावर ठरणार होतं. सुरगाण्याच्या डोंगरात पळायला शिकलेली ही एकोणीस वर्षांची मुलगी सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून होती. तिनं चहासुद्धा घेतला नव्हता.

समोर पडताळणी समितीचे अध्यक्ष डॉ. कारखानीस बसले होते. मृण्मयीचे ते एके काळचे गुरू. नियमावली त्यांनीच लिहिलेली, म्हणून त्या नियमावलीवर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव. स्त्री खेळाडूची तपासणी स्त्री तज्ज्ञानंच करावी आणि अहवालावर सही तिचीच असावी, हे कलमही त्यांचंच. ते नसतं तर गृहस्थ स्वतःच सही ठोकून कधीच मोकळे झाले असते.

भ्रूणदर्शक यंत्र रक्तातल्या पेशीला उलट्या वाटेनं थेट सहाव्या आठवड्याच्या गर्भावस्थेत नेई आणि तेव्हा काय घडलं असेल ते पडद्यावर दाखवी. जयवंतीच्या पेशीत वाय गुणसूत्र निघालं होतं, आणि नियमावलीप्रमाणे वाय असलेली व्यक्ती स्त्री धरली जात नव्हती.

"वाय आहे म्हणजे विषय संपला," कारखानीस म्हणाले.

"वाय नुसता निरोप आणतो, सर. तो ऐकायचा की नाही, हे दुसरंच कोणी ठरवतं."

मग तिनं पडद्यावरच्या दोन रेषा दाखवल्या. सहाव्या आठवड्यात प्रत्येक गर्भाची जननग्रंथी सारखीच असते, तिचं वृषणही होऊ शकतं आणि अंडाशयही. जनुकांना जागं करणारी आणि झोपवणारी दोन नियामक प्रथिनं तिथं एकमेकांना रेटत असतात. चेतक वृषणाची जनुकं जागी करतो, राखणदार ती दाबून अंडाशय घडवतो. जो जिंकेल त्याचं घर. शिवाय राखणदाराला जन्मभर सुट्टी नाही. प्रौढ उंदरिणीतून तो काढून टाकला, तर तिचं अंडाशय वृषणाच्या वळणावर जाऊ लागतं. जयवंतीत वायच्या निरोपावर चेतक उठला होता खरा, पण राखणदारानं त्याला खाली बसवलं होतं.

"उद्या म्हणशील, अशा बाईला मूलही होईल."

"राखणदार जोरकस असेल तर होईल."

"अशी एक तरी बाई मला दाखव," कारखानीस हसून म्हणाले, "मी नियमावली फाडून टाकतो."

तेवढ्यात आतून इलियास मुजावर आला. बावीस वर्षं नळ्या हाताळणारा हा तंत्रज्ञ, पण आज त्याची नजर वर होत नव्हती. प्रत्येक तपासणीत तुलनेसाठी एक नमुना ठरलेल्या पुरुषाचा आणि एक ठरलेल्या स्त्रीचा लावतात. स्त्रीचा तयार नमुना या महिन्यात आलाच नव्हता, आणि अशा वेळी प्रमुखांनी आपलं रक्त द्यायचं ही इथली रीत. मृण्मयीनं काल पहिल्यांदाच दिलं होतं.

"मॅडम, तुलनेच्या बाईच्या नळीत वाय येतोय. तीनदा लावलं."

कारखानीस उखडले. भेसळ झाली, याचाच हात लागला असणार, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. इलियासचा चेहरा उतरला. मृण्मयीनं बाही वर केली, नवी सुई फोडायला लावली आणि स्वतः यंत्राशी बसली.

वीस मिनिटांनी पडद्यावर वाय उभा होता. शेजारी राखणदाराची रेषा चढली होती, जयवंतीपेक्षाही उंच. मृण्मयीला अन्वी आठवली, तिची लेक. नऊ महिने पोटात वाढवलेली, आता इंजिनिअरिंगला असलेली. तिला भीती वाटली, आणि ज्या शरीरात अठ्ठेचाळीस वर्षं काढली ते क्षणभर परकं वाटलं.

"मग यंत्रातच भेसळ आहे, तसं लिही," कारखानीस म्हणाले. "शंका असली की नाव वगळायचं, पुढच्या वर्षी बघू."

सुटका ताटात वाढून आली होती. कोणाला काही कळलं नसतं. फक्त बाहेरच्या बाकावरची मुलगी गावी परतली असती, आणि गावानं तिला काय काय विचारलं असतं ते मृण्मयीला न सांगता कळत होतं.

तिनं कागद ओढला. वाय आहे, असं खरं तेच लिहिलं, खाली सही केली आणि तुलनेच्या नमुन्याचा निकाल त्याला जोडला.

"भेसळ नाही, सर. दोन्ही वेळा रक्त माझंच होतं. अन्वीच्या बारशाला तुम्ही जेवला होतात."

कारखानीसांनी कागद दोनदा वाचला.

"तुमच्या नियमानं मी स्त्री नाही," ती म्हणाली, "म्हणजे ही सही बाद आणि अहवालही बाद, आणि अहवालाशिवाय तिचं नाव वगळता येत नाही. सही धरायची असेल, तर वाय असलेली बाई बाईच असते हे आधी मान्य करा. जयवंती दोन्हीकडून सुटते."

पावणेबारा झाले होते. कारखानीसांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग फोन उचलून, यादी आहे तशी जाऊ द्या, असं हलक्या आवाजात सांगितलं.

मृण्मयी बाहेर आली. जयवंती चटकन उभी राहिली.

"मॅडम, माझं काय आलं?"

"तुझं आणि माझं सारखंच आलं," मृण्मयी म्हणाली. "चल, आधी चहा घेऊ."